छपाई जागेवर आणण्याचे गणित



गेल्या सहामाहीत आठवीच्या मराठीच्या पेपरात शेवटची ओळ काही प्रतींवर उमटलीच नाही. त्या प्रश्नाचे गुण आम्ही सर्वांना दिले. पण परीक्षेत मुलांचा जो वेळ गेला व जी घालमेल झाली, ती भरून देता येत नाही. मराठीचा पेपर आपण शाळेतच डुप्लिकेटरवर छापतो. पहिली प्रत पाहून ‘ठीक आहे, काढा’ असे मीच सांगितले होते. चूक माझी, म्हणून धडाही मीच लिहितो.

या यंत्रात मास्टर म्हणजे बारीक छिद्रांचा पातळ कागद ड्रमवर गुंडाळलेला असतो. ड्रम फिरतो, आतली शाई छिद्रांतून बाहेर येते आणि खालून सरकणाऱ्या कागदावर उमटते. कागद क्षणभर आधी किंवा उशिरा पोहोचला, की मजकूर वर-खाली सरकतो. वर-खालीचा फरक बटणाने, डावी-उजवीकडचा फरक कागदाचा ट्रे सरकवून दुरुस्त होतो. मूळ कागदच तिरपा ठेवला असेल तर दोन्हींचा उपयोग नाही. मास्टर नवीन करावा.

बटण दाबण्यापूर्वी मोजमाप करा. ज्या गतीने छापायचे, त्याच गतीने काही प्रती काढा. सुरुवातीच्या प्रती बाजूला ठेवून पुढच्या पाच घ्या. वरच्या काठापासून पहिल्या शिरोरेघेपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजा. समजा, ते २० मि.मी. हवे आहे.

पहिला दिवस: २३, २४, २३, २३, २४
दुसरा दिवस: १९, २७, २१, २६, २४

दोन्ही दिवसांची बेरीज ११७, सरासरी २३.४. मग उपाय एकच का? नाही! पहिल्या दिवशी लहान-मोठ्या मापांतला फरक फक्त १ मि.मी. आहे. यंत्र चुकते, पण रोज एकसारखे चुकते. मजकूर सुमारे साडेतीन मि.मी. वर घेतला की काम झाले. दुसऱ्या दिवशी फरक ८ मि.मी. आहे. येथे बटण कितीही दाबा, काही प्रती बिघडणारच, कारण कागद घसरतो आहे. थप्पी फडफडवून सुटी करावी, बाजूच्या पट्ट्या कागदाला नीट टेकवाव्या, कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवरची धूळ पुसावी. मग पुन्हा पाच प्रती मोजाव्या. आपल्याकडे त्या दिवशी हेच झाले होते. एका प्रतीवरून ते कळणे शक्य नव्हते.

म्हणून नियम असा: आधी फरक पाहा, मग सरासरी.

विश्वस्त मंडळींना विनंती, की नवे यंत्र नको. पावसाळ्यात कागद कोरडा राहील असे एक कपाट द्यावे.

मुलांसाठी प्रश्न: मापे १७, १८, १७, १७, १६ आली, हवे आहेत २० मि.मी. मजकूर कोणत्या दिशेला व किती सरकवाल? उत्तर कारणासहित वहीत लिहून मला दाखवा.

— मुख्याध्यापक