अंगणातील हरळी आणि सदाफुली

ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहिली, शाळेला कुंपण झाले किंवा आरोग्य उपकेंद्रासमोरील जागा साफ झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. या मोकळ्या जागेत लावावयाचे काय? दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका ग्रामपंचायतीच्या मासिक सभेस बसण्याचा योग आला, तेव्हा हाच विषय चर्चेत होता. कार्यालयासमोर सुमारे एक गुंठा जागा मोकळी होती. तालुक्याच्या विश्रामगृहासमोर आहे तशी हिरवळ करावी, असे बहुतेकांचे मत पडले. तेव्हा एक वयस्क सदस्या उठून म्हणाल्या, "सरपंच, रानातली हरळी वेचता वेचता आमची पाठ मोडली, अन् ती तुम्ही पैसे देऊन हितं लावणार का?" सभेत हशा पिकला. पण त्या बाईंच्या प्रश्नात तथ्य होते. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सदाफुली सुचविली, तेव्हा मात्र "ती काय, उकिरड्यावरही येते" असे म्हणून तो विषय बाजूला ठेवण्यात आला.

ज्या गवताला शेतकरी तण मानतो तेच गवत शहरात हिरवळ म्हणून मिरवते, आणि जे झुडूप कोणी न लावता फुलते त्याला बागेत मान मिळत नाही. या दोन वनस्पतींची तुलना म्हणूनच करून पाहण्यासारखी आहे.

हरळी म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. हिचे धुमारे जमिनीवरून सरपटत जातात आणि पेरापेरांवर मुळे धरतात. जमिनीखालून काशा पसरतात त्या निराळ्याच. वरचे गवत जनावराने खाल्ले, माणसाने तुडविले किंवा उन्हाने करपले, तरी खालची काशी जिवंत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. शेतकऱ्याला ती नकोशी होते ती याच गुणामुळे आणि क्रीडांगणाला हवीशी वाटते तीही याच गुणामुळे. बांधाच्या उतारावर, तळ्याच्या भरावावर माती धरून ठेवण्यात तिची बरोबरी फार थोड्या वनस्पती करतील. मात्र तिला ऊन हवे. कडुनिंबाच्या किंवा वडाच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते. शाळेच्या आवारातील झाडाखाली दरवर्षी नव्याने हिरवळ लावण्याचा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. तो व्यर्थ होय.

सदाफुली मूळची मादागास्करची. आज ती इतकी आपली झाली आहे की, ती परदेशातून आली हे सांगूनही खरे वाटत नाही. ती कण्हेरीच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती असून, गुडघ्याएवढी किंवा थोडी अधिक उंच वाढते. गुलाबी, पांढरी किंवा मध्यभागी लाल ठिपका असलेली पांढरी फुले बारमाही येतात. पान तोडल्यास पांढरट चीक येतो. तिच्या कडू, विषारी रसामुळे शेळ्या-गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ज्या गावात कुंपण पुरते झालेले नाही तेथे हा गुण फुलांहूनही मोलाचा ठरतो.

आता मुख्य मुद्दा पाण्याचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येईल. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हिरवळ हिरवी ठेवावयाची तर तिला दररोज निदान पाच मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे दिवसाला ५०० लिटर पाणी झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरण्यात आले. एक गुंठा हिरवळ म्हणजे नऊ माणसांचे पाणी. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत हा आकडा ५० हजार लिटरवर जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. त्यातील एक अख्खी वाघीण या एका अंगणात जिरली असती.

येथे हरळीची बाजूही मांडली पाहिजे. ती स्वभावतः पाण्याची उधळी नाही. ऊस, मका, ज्वारी यांच्याप्रमाणे कडक उन्हात कमी पाण्यावर अधिक वाढ करून घेणाऱ्या वनस्पतींपैकी ती एक आहे. मे महिन्यात तिला पाणी दिले नाही तर ती पिवळी पडते, मरत नाही. पाणी मागते ती हरळी नव्हे, मे महिन्यातही हिरवेच पाहू इच्छिणारी आपली नजर. त्यातून हिरवळ वारंवार कापावी लागते, म्हणजे ती सतत नव्याने फुटते आणि पुन्हा पाणी मागते. कापणारा माणूस, यंत्र, त्याचे इंधन आणि मुळे खाणारी हुमणी यांचा खर्च अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही.

त्याच गुंठ्यात दीड-दीड फुटावर सदाफुली लावल्यास ४८४ रोपे बसतात. एकदा मुळे धरली, बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घातले आणि आठवड्यातून दोनदा प्रत्येकी लिटरभर पाणी दिले, तर आठवड्याचे हजार लिटरही होत नाहीत. हिरवळीला साडेतीन हजार लागले असते. पाणी चुकले तर पाने मलूल होतात, काही गळतात, पण झाड सहसा तग धरते. तिला अपाय होतो तो उलट पावसाळ्यात. काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळे व खोड कुजून एका आठवड्यात उभी रांग बसते. म्हणून मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करणे आवश्यक आहे. दोन-तीन वर्षांनी झाड काष्ठमय होऊन फुले विरळ होतात, तेव्हा छाटणी करावी किंवा फाटे कलम लावून नवी रोपे करावीत. बी तर आपोआप पडून उगवतेच, भिंतीच्या भेगेतसुद्धा. पण ते रोप दोन बोटांनी उपटता येते. हरळीच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. आवाराला लागून कोणाचे शेत असेल, तर पंचायतीची हिरवळ बांध ओलांडून कधी त्याच्या वावरात शिरेल याचा नेम नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सदाफुलीची पाने चावून खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, अशी समजूत अनेक गावांत आहे. अशीच समजूत जमैका बेटावरही होती. तेथून आलेल्या पानांचा अभ्यास करताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांना रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या आणि १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हे द्रव्य हाती आले. त्याच वनस्पतीतून मिळालेले व्हिनक्रिस्टिन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. परंतु जे द्रव्य रुग्णालयात मोजून-मापून शिरेतून दिले जाते, त्याची पाने घरी चावणे म्हणजे जिवाशी खेळ होय. शाळेत सदाफुली लावावयाची असेल तर पाने तोंडात घालू नयेत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. बालवाडीच्या दारात ती न लावलेली बरी.

जेथे मुले धावणार, माणसे बसणार, तेथे सदाफुलीचा काही उपयोग नाही. पायाखाली ती टिकत नाही. तेथे हरळीच हवी. परंतु ती पावसाच्या पाण्यावर वाढवावी आणि फेब्रुवारीनंतर पिवळी पडू द्यावी. हे पाहुण्यांना खटकते, हे मान्य. जिल्ह्याहून कोणी येणार म्हटले की टँकर मागवून अंगण हिरवे करण्याचा प्रकार मी एका कार्यालयात पाहिला आहे, आणि त्याच टँकरकडे रस्त्यापलीकडून हंडे घेऊन पाहणाऱ्या बायकाही.

वर उल्लेखिलेल्या ग्रामपंचायतीने अखेर तयार गवताच्या गाद्या घेतल्या नाहीत. ध्वजस्तंभाभोवती आणि वाटेच्या दोन्ही अंगांना सदाफुलीचे उंच वाफे केले. मधल्या जागेसाठी त्या सदस्या बाईंच्याच शेतातून दोन पोती काशा आणल्या. जूनअखेर, दोन चांगले पाऊस झाल्यावर, काशांचे बोटभर तुकडे करून ते चार-चार इंचांवर टोकले. शेणखत पुरते कुजलेले घेतले होते, नाहीतर गाजरगवताचे बी त्याबरोबर आले असते. बाईंनी काशांचे पैसे घेतले नाहीत. हरळी शेताबाहेर गेली हेच पुष्कळ झाले, असे त्या म्हणाल्या.