टेकडी लहान म्हणून नाक मुरडू नका

मिनेसोटात नव्यानं आलेल्या मंडळींनी बर्न्सविलची बक हिल पहिल्यांदा पाहिली की उद्गार ठरलेला असतो : 'एवढीच?' 35-डब्ल्यू आणि 35-ई हे हमरस्ते एकत्र येतात, तिथून जरा दक्षिणेला, रस्त्याच्या अगदी कडेला ही टेकडी आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण जेमतेम 300 फूट, म्हणजे आपल्या पर्वतीच्या पंगतीतली. मग घरात बेत शिजतो की स्की शिकायचं तर थेट कोलोरॅडोलाच जाऊ. इथं वीस-पंचवीस हिवाळे काढलेल्या घरांचं यावर जवळपास एकमत आहे : कोलोरॅडोला खुशाल जा, पण शिकून जा. मोठ्या डोंगरावर भाडं भरून पोचल्यावर पहिले दोन दिवस बुटांच्या बकला लावण्यात आणि पडण्यात घालवणं परवडत नाही.

बक हिल 1954 साली सुरू झाली. 1969 पासून एरिक सेलर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या प्रशिक्षकानं इथं शर्यतीचे स्कीपटू घडवले. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण जिंकणारी लिंडसे व्हॉन लहानपणी इथंच शिकली. विश्वचषकातल्या स्लॅलम शर्यती जिंकणारी क्रिस्टिना कोझनिकही इथलीच. एवढ्याशा टेकडीतून हे कसं झालं? उतार संपायला मिनिटभरही लागत नाही आणि दोर धरला की लगेच पुन्हा वर जाता येतं. एका संध्याकाळी इतक्या फेऱ्या होतात की तेवढ्या मोठ्या डोंगरावर दिवसभरातही होत नाहीत. त्यात शाळा सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात सराव. बर्फ बहुतेक यंत्रानं केलेला, दाबून टणक झालेला. नवख्याला तो काचेसारखा वाटतो, पण शर्यतीच्या पोरांना असाच लागतो, कारण त्यावर स्कीची धार नीट टेकवल्याशिवाय वळताच येत नाही.

त्या दोराबद्दल थोडं सविस्तर, कारण पहिली फजिती तिथंच होते. रोप टो म्हणजे सतत पळणारा जाड दोर. तो एकदम घट्ट पकडलात की खांद्याला हिसका बसतो आणि तुम्ही तोंडावर. आधी दोन्ही स्की समांतर, टोकं वरच्या दिशेला. मग दोर हातमोज्यातून नुसता सरकू द्यायचा आणि हळूहळू मूठ आवळत जायची. लोकरीचे विणलेले हातमोजे इथं कुचकामी, चामड्याचे घ्या. ओढणी, मफलर, सुटी वेणी, जॅकेटच्या लोंबत्या नाड्या आत खोचा. पडलात तर लगेच दोर सोडून बाजूला सरका, मागचा माणूस येतोच आहे. अगदी लहान मुलांना मात्र आधी मॅजिक कार्पेटवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर न्यावं.

कपड्यांत आपली चूक एकच होते : जीन्स आणि सुती बनियन. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग हुडहुडी भरते. आत कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा थर, वर फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं. मोज्यांची एकच जोडी. दोन घातल्या की बूट आवळतो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. फोनवर फॅरनहाइटचं शून्य दिसलं म्हणजे आपले उणे 18, हे ध्यानात असू द्या. पोराच्या गालावर किंवा नाकावर पांढरट डाग दिसला तर चोळत बसू नका, सरळ आत न्या.

सामान विकत घ्यावं की भाड्यानं, यावर आमच्यात दोन तट आहेत. बहुमत असं की मुलांसाठी मोसमभराच्या भाड्याचं सामान घ्यावं, पाय दर वर्षी वाढतात. काही घरं शरद ऋतूतल्या जुन्या सामानाच्या विक्रीची वाट पाहतात. हेल्मेट मात्र जुनं घेऊ नये, आदळलेलं असलं तरी बाहेरून कळत नाही. दुकानदार वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतो, तेव्हा खरं सांगा. त्यावरूनच बाइंडिंग किती जोरानं सुटावं ते लावतात. वजन चारचौघांत सांगायची लाज वाटली म्हणून कमी सांगितलं, की साध्या वळणावर स्की पायातून निघते. 'मला छान येतं' अशी बढाई मारली, तर पडताना ती सुटत नाही आणि गुडघा जातो.

उतारावर पुढच्याचा हक्क आधी. मागून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. आपल्या रस्त्यांवरची सवय इथं आवरावी लागते. हिरवा, निळा, काळा हे उतारांचे रंग त्या-त्या टेकडीपुरते असतात. इथल्या काळ्यावर जमलं म्हणून रॉकीजमधल्या काळ्यावर जाऊ नका.

शिकवणी लावाच. नवऱ्यानं बायकोला किंवा बापानं लेकीला शिकवण्याचे प्रयोग बऱ्याच घरांत झाले. त्यानंतरच्या गाडीतल्या शांततेबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मुलांना सोडून कुंपणाशी उभं राहून 'गुडघे वाकव!' असं ओरडण्यापेक्षा मोठ्यांनीही बाजूच्या वर्गात नाव घालावं. चाळिशीत पहिल्यांदा स्कीवर उभे राहिलेले आमच्यात बरेच आहेत. हिवाळ्यात आजी-आजोबा आले असतील तर त्यांना लॉजमध्ये खिडकीजवळची जागा धरून द्या. बाहेरचं खाणं चालतं का ते आधी विचारा, मगच थालीपिठांचा डबा उघडा.

पोरगं रमलं तर पुढे शाळेचा संघ असतो. मिनेसोटात अल्पाइन स्की हा हायस्कूलचा रीतसर खेळ आहे. ब्लूमिंग्टनची हायलँड हिल्स ही सार्वजनिक टेकडीही जवळच आहे. घरापासून जी जवळ पडेल ती धरा. शर्यतीत एखाद्यानं खांब चुकवला का हे बघायला उतारावर माणसं लागतात आणि ती बहुतेक पालकांतूनच येतात. त्या कामाला नाव द्याल तेव्हा हात-पाय गरम ठेवणाऱ्या पुड्या जास्तीच्या न्या. शेजारी उभा असलेला पालक हमखास मागतो.