घटातले बी आणि मांडणीवरचे बी

नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर शेतातली माती पसरतो, तिच्यात धान्य टाकतो, मधोमध पाण्याचे मडके ठेवतो. मडके पाझरते, माती ओली राहते. काही दिवसांत कोंब वर येतात. दसऱ्याला तेच तुरे टोपीत खोवतात.

ते तुरे पिवळे का असतात बरे? देवघरात ऊन नसते म्हणून. दाणा उगवायला ओल, ऊब आणि हवा पुरते. त्याची शिदोरी त्याच्याजवळच असते. ती संपली की मात्र उजेड हवा.

हे ध्यानात धरून वांग्याची रोपे करू. कृष्णाकाठची वांगी सातारा-सांगलीकडे कुणाला सांगायला नकोत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. भारी जमिनीत तीन-तीन फुटांवर लावली तर ११ ओळी आणि ओळीत ११ रोपे. गुंठ्याला १२१ झाली. दहा गुंठ्यांना १,२१०.

संकरित बी महाग. ते मूठ भरून वाफ्यावर फेकून चालत नाही. म्हणून ९८ खळग्यांचे ट्रे घ्यावेत, खळग्यात एकच बी घालावे. हिशेबाने १३ ट्रे होतात. पण थांबा, आधी पाकीट वाचा. चाचणीची तारीख, मुदत आणि उगवण त्यावर छापलेली असते. वांग्याची उगवण निदान ७० टक्के असावी असे प्रमाण आहे. शंभरातली सत्तरच उगवली, तर १३ ट्रेंत नऊशेच्या आतच रोपे मिळतील. तेव्हा १८ ट्रे धरावेत. न वाचणाऱ्याचे शेत अर्धेमुर्धे मोकळे राहते.

खळग्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरावा. मुठीत दाबला तर ओल लागावी, पाणी गळू नये. बी पाव इंच खोल टाकावे. ट्रेवर वाण आणि तारीख लिहावी. आता आपल्याला लिहिता येते. मग घरातल्या मांडणीवर ट्रे एकावर एक रचून वरून काळा प्लास्टिक कागद झाकावा. रोपवाटिकेतही असेच करतात. थंडीत तर याचा फार उपयोग. ओल उडत नाही, ऊब टिकते. टोमॅटो चार-पाच दिवसांत उगवतो, वांगे आठवडाभरात. मिरची त्याहून सावकाश.

खरी राखण पुढेच आहे. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून पाहावे. हे काम बहुधा घरच्या बाईकडे येते, आणि तिचीच नजर यात पक्की असते. वाकलेले पांढरे कोंब दिसू लागले की ट्रे त्याच दिवशी बाहेर काढावेत. 'उद्या काढू' म्हटले की घात. कोंब उजेड शोधत दोऱ्यासारखे लांबतात आणि लोळतात. कोंडलेल्या ओलीत बुरशी धरते, मानेशी कुजून रोप आडवे पडते. आडवे पडलेले रोप कुठल्याच औषधाने उभे राहत नाही. बियाचे पैसे जातात, दिवसही जातात. पुन्हा बी टाकले तर लावणी मागे पडते.

खिडकीतला उजेड पुरत नाही. तो एका बाजूचा, रोपे तिकडेच माना वळवतात. ट्रे अंगणात शेडनेटखाली मोकळे मांडावेत. भोवती बारीक जाळी हवी. पांढरी माशी टोमॅटो-मिरचीला रोग आणते. शेवटचा आठवडा पाणी थोडे कमी करून ऊन दाखवावे, म्हणजे रोप काटक होते. चार-पाच आठवड्यांनी उन्हे उतरल्यावर लावावे. जास्तीची रोपे आठ-दहा दिवस ट्रेतच राखावीत, नांग्या भरायला लागतात.