मोटारीची आसने, श्वान आणि विम्याचा हिशेब

हरियाणातील मानेसर दोन कारणांनी ओळखले जाते. मारुती सुझुकीच्या तेथील कारखान्यात २००६ पासून मोटारी तयार होतात. आणि ‘एनएसजी’ या सुरक्षा दलाचे श्वानपथकही तेथेच आहे. पथकातील श्वान वाहनात शिस्तीने बसतो. घरचे पाच महिन्यांचे पिल्लू मात्र दात येण्याच्या दिवसांत बंद मोटारीत एकटे राहिले, की आसनांची काय अवस्था करते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. (उन्हाळ्यात बंद मोटारीत श्वानास ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते, हे वेगळेच.)

लघवीचा डाग आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपावा. गरम पाणी वापरू नये. अमोनियायुक्त द्रावणही टाळावे, कारण त्याच्या वासाने श्वान पुन्हा तीच जागा निवडण्याचा संभव असतो. विकरयुक्त स्वच्छक फोमपर्यंत मुरू द्यावे. केस निघत नसतील, तर ओलसर रबरी हातमोजा फिरवावा. रेक्झिन किंचित फाटले असेल, तर आतून कापडाचे ठिगळ लवचीक गोंदाने बसवता येते. दाताने कुरतडलेले नक्षीदार प्लास्टिक घासून पूर्ववत होत नाही. तो भाग बदलणेच इष्ट.

आसनपट्ट्याच्या बाबतीत मात्र काटकसर नको. कुरतडलेला पट्टा शिवून घेणारे कारागीर भेटतात आणि शिवण दिसतेही नीटनेटकी. परंतु अपघाताच्या क्षणी प्रवाशाचा सारा भार त्या पट्ट्यावर येतो. कडेचे धागे तुटले असले, तरी संपूर्ण जोडणीच बदलून घ्यावी. पुढील आसनांच्या कडेला एअरबॅग असल्यास तेथील शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. तिच्यावरून जाड आवरण शिवले, तर एअरबॅग उघडण्यास अडथळा येतो. आसनाखालील तारा चावल्या असतील, तर बॅटरीचे कनेक्शन काढल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

आता विमा. घरच्या प्राण्याने केलेली हानी प्रत्येक विमापत्रात ग्राह्य धरली जात नाही. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. भरपाई मिळणार असली, तरी आधी आकडेमोड करावी. समजा, प्लास्टिकच्या भागांचे देयक ८,००० रुपयांचे आहे. साध्या विमापत्रात प्लास्टिकवर ५० टक्के घसारा वजा होतो. उरलेल्या ४,००० रुपयांतून १,५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीसाठी सक्तीची १,००० रुपयांची वजावट होते. हाती येतात ३,००० रुपये. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र हातची जाते. पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होणारी ही सवलत पुढे ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. स्व-हानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये असेल, तर ५० टक्क्यांच्या टप्प्यावरील ग्राहकाचे एकाच वर्षात ६,००० रुपये जातात. शून्य-घसारा जोड घेतलेल्यांचा हिशेब वेगळा, पण दावा केल्यास सवलत त्यांचीही जाते.