सूर्याचा कोप : 'ओडिसी' आणि आदित्यराणूबाईची कहाणी

सूर्यदेवतेच्या तौलनिक विचारात अभ्यासकांचे लक्ष बहुधा रथ आणि अश्व यांवरच खिळते. चार घोड्यांच्या रथातून आकाश ओलांडणारा ग्रीकांचा हेलिओस आणि आपला सप्ताश्व सूर्य यांचे साम्य उघडच आहे. परंतु दैवताचा स्वभाव त्याच्या वाहनापेक्षा त्याच्या कोपात अधिक प्रकट होतो. त्यासाठी श्रावणातील आदितवारी सांगितल्या जाणाऱ्या आदित्यराणूबाईच्या कहाणीशेजारी होमरच्या 'ओडिसी'चा बारावा सर्ग ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल.

हेलिओस सर्वसाक्षी आहे. 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात शपथविधीस त्याची साक्ष काढली जाते. मात्र ओडिसियसच्या भुकेल्या सोबत्यांनी त्याची गुरे मारून खाल्ली, तेव्हा त्याला झ्यूसकडे दाद मागावी लागते. भरपाई न मिळाल्यास पाताळात जाऊन मृतांमध्ये प्रकाशेन, एवढीच काय ती त्याची धमकी. जहाज फोडणारे वज्र झ्यूसचे. ऱ्होड्स बेट वगळता हेलिओसची सार्वजनिक उपासना ग्रीसमध्ये तुरळकच होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कहाणीतील सूर्यनारायण कोणाकडे दाद मागत नाही. ब्राह्मणाच्या दोन मुलींपैकी प्रधानाची राणी बापाकडून कहाणी ऐकते. राजाची राणी सवड नाही म्हणून ऐकत नाही आणि दारिद्र्यात पडते. मावशीने तिच्या मुलांना पोकळ कोहळ्यात, काठीत लपवून दिलेले धन सूर्यनारायण माळी होऊन, गुराखी होऊन स्वतः काढून नेतो. अपराध चोरीचा नव्हे, न ऐकण्याचा आहे. सहा मोत्यांपैकी तीन सांगणाऱ्याने व तीन ऐकणाऱ्याने हाती घ्यावयाचे, या तपशिलात श्रवणालाच पूजेचे स्थान मिळाले आहे. ग्रीक कथेत एकटा ओडिसियस वाचतो, इतरांना क्षमा नाही. येथे राणीने स्वतः जाऊन कहाणी ऐकताच वैभव परतते. मग तीच वाटेत भेटेल त्याला कहाणी ऐकवीत जाते. व्रतकथेने आपल्या प्रसाराची सोय कथानकातच केली आहे, असे म्हणता येईल.

तथापि शेवटी सूर्यनारायण जेवावयास बसतो आणि पहिल्याच घासाला केस लागतो. आदितवारी वळचणीखाली बसून केस विंचरणाऱ्या राणीचा तो केस. म्हणजे आचारभंग पाहणारा साक्षी सूर्य कहाणीतही शिल्लक आहे. श्रवणमाहात्म्य त्या जुन्या आचारनिषेधावर मागाहून चढलेला थर असावा, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.