वर्षभराचे वाचन : साठ पुस्तके आणि अर्धे पान

गेल्या मुहर्रमच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, जळगावातील आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने मोबाईलवर लिहिलेली एक यादी मला दाखवली. वर्षभरात साठ पुस्तके वाचण्याचा त्याचा संकल्प होता. यादीत सीरतची पुस्तके होती, कुरआनची एक बहुखंडी तफसीर होती, मराठी कादंबऱ्या होत्या आणि व्यापार कसा वाढवावा हे सांगणारी पुस्तकेही होती. चार मित्रांत पैज लागली होती. जो मागे पडेल त्याने इतरांना जेवण द्यायचे. मी त्याला दुआ दिली आणि पैज मात्र मोडायला सांगितली. स्पर्धकांनी आपसांत हरण्याची किंमत ठरवली की तो जुगार होतो. एखाद्या वडीलधाऱ्याने आपल्या पदरचे बक्षीस लावले तर त्यास हरकत नाही. त्याने ते मान्य केले.

सफर महिना संपेपर्यंत तो माझी नजर टाळू लागला होता. सात पुस्तके झाली होती, त्यातली दोन अर्धवट. याचे मला फारसे दुःख झाले नाही. दुःख झाले ते दुसऱ्याच गोष्टीचे. हा मुलगा कित्येक वर्षे फज्रनंतर मशिदीच्या खांबाला टेकून कुरआनचे अर्धे पान अर्थासह वाचत असे. साठ पुस्तकांचा संकल्प मोडला, तेव्हा त्याबरोबर ते अर्धे पानही गेले.

वाचकहो, नव्या हिजरी वर्षासाठी आपापल्या घरात वाचनाची आखणी करताना हे अर्धे पान कसे जपावे, हा या पाठाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम एका सहाबींच्या घरात जाऊ या.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण, बुद्धिमान आणि लिहिता-वाचता येणारे सहाबी होते. प्रेषितांची (स.) वचने लिहून ठेवणाऱ्या मोजक्या मंडळींत त्यांची गणना होते. त्यांचे वडील हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी कुरैशमधील एका चांगल्या कुळातील मुलीशी त्यांचा विवाह करून दिला. पुढे वडील सुनेकडे मुलाविषयी चौकशी करीत, तेव्हा ती त्यांची स्तुती करी. परंतु त्या स्तुतीतच तक्रार होती. आपण या घरात आल्यापासून या भल्या माणसाचे आपल्याकडे लक्षच गेलेले नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. दिवसा रोजा आणि रात्रभर कुरआन. वडिलांनी ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानावर घातली.

प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून विचारले, की तुम्ही रोजे कसे ठेवता आणि कुरआन किती दिवसांत पूर्ण करता? रोजे दररोज, आणि कुरआन प्रत्येक रात्री, हे उत्तर मिळाले. त्यावर प्रेषितांनी (स.) महिन्यातून तीन रोजे आणि महिन्यातून एक कुरआन, एवढेच करण्यास सांगितले. अब्दुल्लाह (रजि.) म्हणत राहिले, की माझी शक्ती याहून अधिक आहे. प्रेषित (स.) थोडे थोडे वाढवत गेले आणि शेवटी एक दिवसाआड रोजा व सात रात्रींत एक कुरआन येथे येऊन थांबले. सहीह बुखारीत हा प्रसंग विस्ताराने आला आहे आणि त्याचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वर्षे उलटली, अब्दुल्लाह (रजि.) वृद्ध झाले, शरीर थकले. तेव्हा ते हळहळून म्हणत, की प्रेषितांनी (स.) दिलेली सवलत मी तेव्हाच स्वीकारली असती तर किती बरे झाले असते! परंतु ज्या नियमावर असताना प्रेषितांचा (स.) वियोग झाला तो नियम सोडणे त्यांना रुचेना. म्हणून रात्री म्हणावयाचा सातवा भाग ते दिवसा घरातल्या कुणाला तरी म्हणून दाखवीत, म्हणजे रात्री तो सोपा जाई. अशक्तपणा आला की काही दिवस रोजे सोडीत, ते मोजून ठेवीत आणि पुढे तेवढेच भरून काढीत.

येथे थोडे थांबावे. पंचविशीतला उत्साह जे ठरवतो, ते साठीतल्या शरीराला पेलावे लागते. प्रेषित (स.) त्या तरुणाची शक्ती कमी लेखत नव्हते, त्यांच्या डोळ्यांपुढे त्याचे म्हातारपण होते, त्याची पत्नी होती. ज्या वाचनामुळे घरातल्या माणसाला तक्रार करावी लागते, ते वाचन, मग ते कुरआनचे का असेना, प्रेषितांनी (स.) आटोपशीर करायला लावले. आणि याच अब्दुल्लाह (रजि.) यांना त्यांनी आणखी एक इशारा दिला होता : रात्रीची इबादत करणारा अमुक एक माणूस पुढे ती सोडून बसला, तुम्ही त्याच्यासारखे होऊ नका. माझ्या त्या तरुण मित्राच्या बाबतीत नेमके हेच घडले.

संथपणे वाचणारा मागे पडतो, ही समजूतही आपल्या परंपरेची नाही. इमाम मालिक यांच्या मुवत्तात नोंद आहे, की हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एका सूरह बकरहच्या अध्ययनाला आठ वर्षे दिली. स्वतः कुरआनच सुमारे तेवीस वर्षे थोडा थोडा अवतरला. एकदम का नाही, असे विरोधकांनी विचारले, तेव्हा सूरह फुरकानमध्ये उत्तर आले ते प्रेषितांचे (स.) हृदय दृढ करण्याविषयीचे.

मग आखणी कशी करावी? थोडा हिशेब मांडू. हिजरी वर्षाचे दिवस ३५४ किंवा ३५५. आयती मोजून वाटणी करावी, असे अनेकांना सुचते. ६२३६ आयतींना रोज अठरा असा भाग येतो. हा हिशेब कागदावर शोभतो, पण टिकत नाही. कारण सूरह बकरहमधील कर्जाच्या व्यवहाराची एकच आयत जवळजवळ एक पृष्ठ व्यापते, तर शेवटच्या पाऱ्यात अठरा आयती चार-पाच ओळींतही संपू शकतात. त्यापेक्षा पृष्ठे मोजावीत. आपल्या मदरशांत वापरली जाणारी पंधरा ओळींची हाफिजी प्रत घ्या. तिच्यात एका पाऱ्याची साधारण वीस पृष्ठे असतात, म्हणजे तीस पाऱ्यांची सहाशेच्या आसपास. रोज दोन पृष्ठे अनुवादासह वाचली तर तीनशे दिवसांत कुरआन पूर्ण होतो आणि पन्नासाहून अधिक दिवस हातात उरतात.

हे उरलेले दिवस म्हणजे आखणीचा प्राण आहे. खानदेशात कापूस वेचणीचे दिवस असतात, रावेर-यावलकडे केळीचे घड कापणीला आले की माणसाला जेवायला सवड नसते, मे महिन्यातल्या उन्हात डोके चालत नाही, मुलांच्या परीक्षा असतात, लग्ने असतात. धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या भावाला फज्रनंतर वाचायला बसा म्हणणे हा जुलूमच होईल. त्याने असरनंतरची वेळ धरावी. ज्या आखणीत आजारपणाला जागा नाही ती पहिल्या तापात मोडते. मीही एका वर्षी महिन्याला तफसीरचा एक खंड असे ठरवले होते. चौथ्या महिन्यात एका वृद्ध नमाजीने त्याच खंडातील एका आयतीचा अर्थ विचारला आणि मला तो सांगता आला नाही. पाने माझ्या डोळ्यांखालून गेली होती, एवढेच.

हदीससाठी इमाम नववी यांची ‘अरबईन’ घ्यावी. नाव चाळिसाचे असले तरी तिच्यात बेचाळीस हदीस आहेत. हिजरी वर्षात पन्नास आठवडे आणि वर चार दिवस. एका जुम्यापासून दुसऱ्या जुम्यापर्यंत एक हदीस धरली तरी आठ आठवडे शिल्लक राहतात.

आता भाषेचा प्रश्न. आपल्या अनेक घरांत आजोबांचे उर्दू ग्रंथ कपाटात आहेत आणि नातवंडे मराठी शाळेत शिकतात; कपाट उघडले तरी ती ओळी लावू शकत नाहीत. यावल, चोपडा, रावेर भागातील तडवी बांधवांच्या घरी तर दीनची गोष्ट मराठीतच पोहोचते. मराठीत कुरआनचे एकाहून अधिक अनुवाद आहेत, त्यांचा संकोच बाळगू नये. अरबी शब्दांची ओळख करून घ्यावयाची असेल तर नागपूरचे मौलाना अब्दुल करीम पारेख यांचे ‘लुगातुल कुरआन’ उपयोगी पडेल. लाकडाचा व्यापार सांभाळून त्यांनी हे काम केले, हे दुकानदार वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

इमामाने मराठी वाङ्मय वाचायला सांगावे, याचे काहींना आश्चर्य वाटते. प्रेषितांनी (स.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुदींची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती पंधरवड्यात आत्मसात केली, असे तिर्मिजीत आले आहे. ज्यांच्याशी आपला रोजचा व्यवहार आहे त्यांची लिपी आणि त्यांचे मन वाचता यावे, हे सुन्नतला धरूनच आहे. आणि मराठी तर आपली स्वतःचीच भाषा. दोन महिन्यांस एक असे मराठी पुस्तक ठेवावे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहून प्रेषितांचे (स.) चरित्र मराठी वाचकांपुढे ठेवले, ते वाचून आपल्याविषयी आपल्या शेजाऱ्याने किती आस्थेने लिहिले हे मुलांना कळेल. जळगावात व. वा. वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. मुलाला घेऊन जावे आणि त्याच्या नावाने सभासदत्व घ्यावे.

धुळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सहबंदींपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ती लिहून घेत होते. ग्रंथ आपला नव्हे, परंतु शिस्त पाहण्यासारखी आहे : आठवड्यातून एकच दिवस, एकच अध्याय, ऐकणारे ठरलेले आणि लिहून घेणारा एक. पुढे याच विनोबांनी कुरआन वाचण्यासाठी अरबीचा अभ्यास केला आणि कुरआनातील निवडक आयतींचे संकलन प्रसिद्ध केले.

ऐकणाऱ्यांवरून आठवले. घरात जिला वाचता येत नाही ती आई किंवा आजी या आखणीतून बाहेर राहू नये. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अब्दुल्लाह (रजि.) घरातल्यांना म्हणून दाखवीत होते, हे पुन्हा आठवावे. मगरिब आणि इशाच्या मध्ये मुलीने दोन पृष्ठांचा मराठी अनुवाद मोठ्याने वाचावा आणि आजीने ऐकावे. मुलगी कुठे अडखळली, कुठे ओळ गाळली, हे आजीला बरोबर कळते.

एखाद्या दिवशी वाचन चुकले तर? हजरत उमर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आली आहे. ज्याचा रात्रीचा नेमाचा भाग झोपेमुळे राहिला आणि त्याने तो फज्र व जुहरच्या दरम्यान वाचला, त्याच्या नावे तो रात्रीच वाचल्याप्रमाणे लिहिला जातो. म्हणून चुकलेली दोन पृष्ठे दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचून टाकावीत. आठवड्याची बाकी साठवून जुम्याला चौदा पृष्ठे एकदम रेटण्याच्या फंदात पडू नये. त्या दिवशी वेळ नसेल तर उरलेल्या पन्नास दिवसांतला एक दिवस खर्ची टाकावा आणि पुढे जावे.

तो तरुण रमजाननंतर एका सकाळी पुन्हा मशिदीत थांबला. नवी यादी आणली आहे का, असे मी विचारले नाही. कुठे थांबला होतास, एवढेच विचारले. सूरह यूसुफच्या मध्यावर, तो म्हणाला. मग त्याने फळीवरून प्रत काढली, ते पान शोधले आणि खांबाला टेकून बसला.