इंजिन तिरकं बसलंय, सरळ करू का?

प्रश्न : मी उंच पंखाचं रेडिओ कंट्रोल ट्रेनर विमान जोडतो आहे. फायरवॉलवर बसवलेलं इंजिन किंचित उजवीकडे आणि खाली झुकलेलं दिसतं. किट सदोष आहे का? वॉशर घालून सरळ करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काळजी करू नका, किट ठीक आहे. हा कल मुद्दाम दिलेला असतो. प्रोपेलरमागचा पिळदार झोत शेपटीच्या उभ्या पंखावर आदळून नाक डावीकडे वळवतो. थ्रॉटल वाढवलं की नाकही उचललं जातं. म्हणून साधारण २ ते ३ अंशांचा उजवा आणि थोडा खालचा कल ठेवतात. उजवी बाजू वैमानिकाच्या नजरेतून मोजा.

आधी किटच्या आराखड्याप्रमाणेच उडवा. पूर्ण थ्रॉटलवर चढताना, पंख समतल असूनही, नाक डावीकडे जात असेल तर माउंटच्या डाव्या बोल्टांमागे पातळ वॉशर घाला. बोल्टांमध्ये ५ सेंमी अंतर असेल तर सुमारे ०.९ मिमी जाडीने १ अंश बदलतो. नाक उचलत असेल तर वॉशर वरच्या बोल्टांमागे घाला. एका वेळी एकच बदल करा.

बोल्टांना थ्रेडलॉक लावा, गुरुत्वमध्य पुन्हा तपासा आणि इंजिन सुरू असताना प्रोपेलरच्या मागेच उभे राहा.